रस्त्याकडेची पट्टी

नोरीनने सहल ठरवली ती आईला घराबाहेर काढायला. नदीकाठची चार छोटी गावं, तारेच्या आधाराने नदी ओलांडणारी फेरीबोट, वाटेत आइस्क्रीम आणि संध्याकाळपर्यंत परत घरी, सास्काटून शहरात. तिची आई डेल्फीन गाडीत बसली ती एकाच अटीवर: जेवायला कुठे थांबायचं ते ती ठरवणार.

पहिल्या दोन गावांत ती खालीसुद्धा उतरली नाही. केली नावाची तिची नात आइस्क्रीम घेऊन आली, तेव्हा काच खाली करून तिने दोन घास खाल्ले, इतकंच. फेरीबोट पलीकडच्या काठाला लागली तशी ती सरसावून बसली.

"आता डावीकडे घे."

गव्हाच्या शेतांमधून खडीचा रस्ता उतरत उतरत नदीपर्यंत गेला. तिथे एकसारखं कापलेलं गवत, नवी बाकडी आणि पाटी होती: 'खाजगी. फक्त सभासदांसाठी.'

"आई, इथे नको," जावई ट्रॅव्हिस म्हणाला. "पाटी पाहिलीत ना?"

"पाहिली. टोपली दे."

पाटीला वळसा घालून ती रस्ता आणि कुंपण यांच्यामधल्या पट्टीवर गेली, एका पॉप्लरच्या झाडाखाली घोंगडी अंथरली आणि बसली.

"इथे आमचं घर होतं."

नोरीन बघतच राहिली. "तू तर म्हणायचीस, तू शहरात वाढलीस."

"लाज वाटायची, म्हणून म्हणायचे. आपण मेती, अर्धे इथले मूळचे, अर्धे गोरे; आपल्याला कुणी जमीन देत नव्हतं. मग रस्त्यासाठी सोडलेल्या या पट्टीवर सगळ्यांनी घरं बांधली. एका उन्हाळ्यात बाबा मजुरीने दुसऱ्यांच्या शेतांतले दगड वेचायला गेले होते, तेव्हा सरकारी कचेरीची माणसं आली आणि त्यांनी घरं पेटवली. आईचं सूप चुलीवरच होतं. मी तेव्हा केलीएवढी."

"पण का?" केलीने विचारलं.

"म्हणाले, ही रस्त्याची जागा, सगळ्या जनतेची. इथे कुणाचं घर नको."

तेवढ्यात उतारावरून छोट्या मोटारगाडीतून एक माणूस आला. लालबुंद चेहरा, डोक्यावर क्लबची टोपी.

"बाई, ही खाजगी जागा आहे. उठा."

"खाजगी तुझं गवत. त्या कुंपणाच्या आतलं. मी बाहेर बसलेय."

"हे गवत आम्हीच कापतो."

"छान कापता. काटे टोचत नाहीत."

केली फिसकन हसली. माणसाने ट्रॅव्हिसकडे पाहिलं. "तुम्ही तरी समजवा यांना."

ट्रॅव्हिसने गाडीच्या किल्ल्या खिशातून काढल्या. "आई, जाऊ या. उगाच तमाशा कशाला?"

डेल्फीनने घरी भाजलेली बॅनकची जाड रोटी मोडून त्याच्या हातात ठेवली. मग त्या माणसाकडे वळली. "हे बघ बाळा, आम्हाला जाळून हाकललं तेव्हा तुमचेच लोक म्हणाले, ही जागा सगळ्यांची. तेव्हा सगळ्यांची होती, तर आज एकट्या तुमची कशी झाली? आणि तेव्हाही तुमचीच होती, तर मग आमची घरं जाळायला खोटं कशाला बोललात?"

"मी नाही जाळली कुणाची घरं! तेव्हा मी जन्मलोही नव्हतो."

"मग तुला भांडायचं कारणच नाही. हो बाजूला, ऊन अडवतोयस."

"पोलिसांना बोलावतो."

"बोलाव. तोवर आम्ही जेवतो."

तो बाजूला जाऊन फोनवर बोलू लागला. आयुष्यभर नोरीन प्रत्येक पाटीला घाबरून वागली होती. तिने पायांतले बूट काढले, आईशेजारी मांडी घातली आणि टोपलीतल्या थर्मासमधलं सूप वाटायला घेतलं. ट्रॅव्हिस क्षणभर उभा राहिला, मग किल्ल्या खिशात टाकून तोही बसला.

पोलीस आली, तरुण मुलगी होती. तिने माणसाचं ऐकलं, डेल्फीनचं ऐकलं, कुंपण बघून आली. "साहेब, कुंपणाबाहेरचा हा भाग रस्त्याचाच आहे. बसू द्या त्यांना."

माणूस पाय आपटत गेला. उतारावरून ओरडला, "पुन्हा यायचं नाही!"

"पुढच्या रविवारी येते!" डेल्फीनही तितक्याच जोरात ओरडली.

परतीच्या वाटेवर तिने फोन मागून घेतला आणि एकेका भावंडाला, मावसभावंडाला लावत सुटली. अर्ध्यांनी नाही म्हटलं. एक जण रडला. पुढच्या रविवारी पट्टीवर तीन गाड्या उभ्या होत्या, आणि डेल्फीन हातातल्या काठीने गवतात रेघा ओढून कुणाचं घर कुठे होतं ते दाखवत होती.