खुर्चीचा वात

भोसरी एमआयडीसीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी एवढी गर्दी लोटली होती, की एकाला आलेली शिंक शेजाऱ्याच्या नाकातून बाहेर पडावी. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, लुगडी वर खोचलेली, आणि सगळ्यांचे डोळे स्नेहनाथ महाराजांच्या हातांवर.

महाराजांनी एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याला मधाच्या रंगाचं तेल चोळलं आणि वरून कोमट पाण्याची धार सोडली. खालच्या परातीत दुधासारखं पांढरंफेक पाणी उतरलं.

"ही तुमच्या सांध्यातली विषारी चरबी," महाराज म्हणाले. "डॉक्टर हिला लिपिड म्हणतो. सूज हिच्यामुळंच. तो गोळ्यांनी हिला आत दाबतो, आम्ही मंत्रानं बाहेर काढतो. अमेरिकेत यावर संशोधन चाललंय, पण बिचाऱ्यांकडे मंत्र नाही."

अमेरिकेची कीव करत गर्दीनं हात जोडले.

ज्ञानदेवनं जोडले नाहीत. उभा जन्म लेथ मशिनीवर लोखंड कापण्यात काढलेला हा टर्नर बायकोशेजारी नाक आक्रसून उभा होता. चिमाबाई कंपनीतल्या पोरांचे डबे करायची. आमवातानं सुजलेली तिची बोटं गोळ्यांमुळं ताब्यात होती. महाराजांनी गोळ्या सोडायला लावल्या आणि आज सकाळी तिच्या हातातून लाटणं निसटलं.

"अंगातलं इष निघताना दुखतंच," ती म्हणाली होती.

तिला त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टर अंजलीनं ज्ञानदेवला बजावलं होतं, "काका, सुजेचा चरबीशी संबंध आहे, ते खरं. पेशींतल्या चरबीपासूनच शरीर बारीक बारीक निरोप्ये तयार करतं. काही आग लावतात, काही विझवतात. काकूंचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलंय, त्यामुळं तिथं विझवणारे कमी पडतात आणि आग धुमसत राहते. ती कातडीवरून धुऊन निघत नाही. गोळ्या अशाच बंद राहिल्या तर बोटं कायमची वाकडी होतील."

मग परातीत उतरतंय ते काय? एक थेंब ज्ञानदेवच्या अंगठ्यावर उडाला. त्यानं तो चोळला, हुंगला. वर गुलाबाचं अत्तर होतं, पण खाली चांगला ओळखीचा वास होता.

"महाराज, एक शंका हाय."

"शंका हाच सगळ्यात मोठा वात, बाबा."

"व्हय, म्हणूनच तुमच्याकडं आणलीय." शिष्य उठेपर्यंत ज्ञानदेवनं महाराजांच्या तेलाच्या वाटीत बोटं बुडवून प्लास्टिकच्या खुर्चीच्या पायाला तेल फासलं आणि वर पाणी ओतलं. खुर्चीच्या पायातून दूध ओघळलं.

महाराज कसले डगमगतात. "रोगी बसून बसून त्यांचं विष खुर्चीत उतरलंय."

लोकांनी माना डोलावल्या. अशा माना डोलावायला कणा लागत नाही.

"चिमे, तुझा डबा दे. घासलेला हाय न्हवं?"

"सकाळीच घासलाय."

डब्यात तेलाचे चार थेंब, वर पाणी. डबाभर दूध.

"आता ह्यो कुणाचा वात? माझ्या बायकोचा का माझ्या डाळीचा?" ज्ञानदेवनं डबा गर्दीत फिरवला. "भावांनो, वास घ्या. कूलंट हाय हे. मशिनीवर लोखंड कापताना सोडतो ते. पाण्यात पडलं की पांढरं होतं."

उघड्या गुडघ्याच्या एका ऑपरेटरनं डबा दोनदा हुंगला. मग म्हणाला, "आयला, मी तर रोज हे टाकीत ओततोय राव. आमच्या लेथला केवढा वात असंल."

शेड हसली. महाराजांचे स्वतःचे गुडघे किती ठणठणीत होते, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. मागचं दार त्यांनी शिष्यांच्याही आधी गाठलं.

बाहेर आल्यावर चिमाबाई पुटपुटली, "पण चोळल्यावर बरं वाटायचं वो."

"कोमट पाणी आन् हात फिरवणं, तासभर कुणालाबी बरं वाटंल. तेवढं मी घरी करीन. गोळ्या मात्र डॉक्टरीणबाईंच्या."

ती डब्याचं झाकण लावू लागली. बोटं दाबेनात. तिनं बोटांकडं पाहिलं, मग डबा नवऱ्याच्या हातात दिला. "उद्या सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच जाऊन बसू."

डोळ्यांदेखत घडलं म्हणून खरं ठरत नाही, मंडळी. कुणी तुमच्या अंगातून विष काढून दाखवलं, तर आधी त्याला तेच खुर्चीतून काढायला सांगा. खुर्चीतूनही निघालं, तर रोग तुमच्या गुडघ्यात नाही, त्याच्या वाटीत आहे. आणि चालू औषध बंद करायचं की नाही, हे ज्यानं ते दिलं त्यालाच विचारा.