हाताने जेवेपर्यंत

नवरा-बायकोचे पटेनासे झाले की शहाणी माणसे कागद करतात. कागदावर सगळ्यांचेच पटते.

भटू पाटील आणि दगूबाई यांच्या फारकतीचा कागद १९५४ साली युसुफमियाँनी लिहिला. नंदुरबारच्या कचेरीबाहेर बसणारे हे अर्जनवीस. मुलगी शांती तेव्हा अंगावर पीत होती. तिची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. म्हणून पंचांच्या संमतीने कलम पडले : ‘मुलगी आपल्या हाताने जेवू लागेपर्यंत आईकडे राहील, बाप सालाची ज्वारी देईल. पुढे मुलगी बापाची.’ दोघांनी अंगठे दिले. या वाक्याचा युसुफमियाँना फार अभिमान होता.

सहा वर्षे झाली. शांती शाळेत जाऊ लागली, पण हाताने जेवेना. अखेर पौषात भटूने पंचांना आणि युसुफमियाँना दगूबाईच्या ओट्यावर जमवले व मुलीपुढे जिलबी ठेवली.

“खाय बेटा.”

शांतीने दोन्ही हात मांडीखाली दाबले. जिलबीवर माशी बसली. तिने आवंढा गिळला.

“देखा! मायनी शिकाडेल शे!” भटू ओरडला.

“हा, शिकाडं,” दगूबाई म्हणाली. “तुमीन लिखं, मी पाळं.”

युसुफमियाँनी मुलीला जवळ घेतले. तिचे ओठ सुजले होते. “शाळामा काय जेवस तू?”

“काहीच नही. माय मिरचीना खळावरतून येस, भरवस, तवय जेवस. ती राख लाईसन हात धोस, तरी तोंड झोंबस.”

दिवसभर मिरच्यांचे देठ खुडून मग घास भरवणारा हात तो! दगूबाईने तो पदराखाली लपवला.

“भटूभाऊ,” युसुफमियाँ म्हणाले, “कलम मन्हं, तं गुन्हाबी मन्हा. भांडन तुमनं व्हतं, उपास पोरनी करा! आते तूच सांग, पोर कोनी?”

भटूने मांडीखालच्या त्या हातांकडे पाहिले.

“मायनी,” तो म्हणाला. “लिखा मियाँ. ज्वारीबी चालूच ऱ्हाई.”

नवे कलम झाले, अंगठे उमटले.

“आते तूच खाय बेटा,” दगूबाई रडत म्हणाली.

शांती हलली नाही. तिने युसुफमियाँना विचारले, “कागदवर लिखेल शे का?”

ती जिलबी त्या दिवशी माशांनीच खाल्ली.

नागरिकहो, फारकत घ्यावी लागली तर घ्या, कागदही करा. मात्र अंगठा उमटवण्याआधी, ज्याचा अंगठा त्या कागदावर नाही, त्याचे ताट एकदा पाहून या!