बरा झालेला माणूस

खाजगी दवाखान्यासाठी पेशंट गोळा करणाऱ्या भैय्यालालच्या मोबाईलमध्ये सगळेच पेशंट बरे झालेले होते. एकही अर्धवट नाही. मले तेच खटकून राहिलं होतं.

माहा लेक भूपेंद्र नऊ महिन्याआधी वरठीहून येताना मोटरसायकलवरून पडला, डोक्याले मार लागला. आता हात धरला तं चालते, भरवलं तं खाते. पण बोलत नाही, कोणाले ओळखत नाही. मलेबी नाही.

"कमरेच्या हाडातला मगज काढाचा, त्यातल्या स्टेम सेल पाठीच्या कण्यात सोडाच्या. मेंदू नवा होते," भैय्यालाल म्हणे.

"मंग सरकारी डॉक्टर काहून म्हणते, याचा अजून भरवसा नाही?"

"त्यायले जमत नाही, काकू."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाईनं रोज घरच्यायचे फोटो दाखवून नावं विचारायले सांगितलं होतं. भैय्यालालच्या नादानं तेबी महिनाभर बंद होतं. माही सून रिता भैय्यालालच्या इलाजाच्या कागदावर सही करायले तयारच बसली होती. मले तिचा राग येत होता, अन् कीवही. नवऱ्यानं एकदा नावानं हाक मारावी, एवढंच तिचं मागणं. माहं काय वेगळं होतं?

"बरा झालेला माणूस दाखव," मी म्हटलं. "मोबाईलमधला नाही, जिता."

दुसऱ्या दिवशी आणला. उंचापुरा गडी. वर्षभर खाटेवर होतो म्हणे, आता शेती करतो. आवाज असा खणखणीत, का चार घरं पलीकडं ऐकू जाईल. आपलं दुखणं सांगताना एकदाही अडखळला नाही. रिताचे डोळे भरून आले. मले वाटे, याले कुठंतरी पाहिलं आहे.

रितानं पेन उघडला, तं भूपेंद्र खुर्चीत हलला. त्यानं त्या माणसाकडं बोट केलं.

"इन्स्पेक्टर."

नऊ महिन्यातला पहिला शब्द.

"पाहा काकू, नुसतं पाहूनच..." भैय्यालाल हसला. पण तो माणूस खाली मान घालून चपला शोधून राहिला होता. तवा मले आठवलं. दोन वर्षाआधी आमच्या गावच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटक होतं. त्यात इन्स्पेक्टरचं काम यानंच केलं होतं, अन् भूपेंद्र सगळ्यात पुढं बसून होता.

आज तो पेशंटचं काम करायले आला होता. दोघायलेही हाकललं. रितानं फोटोंची पिशवी आणली. मी भूपेंद्रच्या पुढ्यात बसली.

"मी कोण?"

त्यानं माह्या तोंडाकडं पाहिलं.

"इन्स्पेक्टर."

मले रडू फुटलं. मंग पदरानं तोंड पुसलं. "नाही रे बापा. माय. म्हण, माय."