चण्याहून मोठे, बोराहून लहान

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. पिठाची नव्हे, वाळूची. बाभळीच्या चार पट्ट्यांची चौकट आणि तिच्यावर ताणून ठोकलेली तारेची जाळी, एवढाच माझा देह. चाळणीत दूध काढायचे आणि दैवाला दोष द्यायचा, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. मला ती मुळीच आवडत नाही. चूक दूध काढणाऱ्याची आणि नाव मात्र माझे! पण हल्ली ती म्हण सारखी आठवते आणि माझ्या तारा थरथरतात. का, ते सांगते.

म्हसावदच्या एका सुताराने मला घडवले आणि रेवजी गवंड्याने विकत घेतले. रेवजी अक्कलकुव्याकडच्या डोंगरातला. होळी झाली की तो आणि त्याची बायको फुलीबाई मला घेऊन शहाद्याकडे कामाला उतरत. मला काठीच्या टेकूवर तिरपे उभे केले जाई. फुलीबाई फावड्याने माझ्यावर वाळू फेकी. बारीक ती पलीकडे, जाडी ती अलीकडे. रेवजीला वाळू ओळखायला डोळे लागत नसत. तो चिमूटभर वाळू कानाजवळ तळहातावर चोळी. चांगली वाळू करकरे, नाल्याची मातकट वाळू गप्प बसे. मग तो माझ्या चौकटीवर थाप मारून म्हणे, "मन्ही चाळणी खोटं बोलत नही." त्या कौतुकाने मी अगदी फुलून जात असे.

आठ वर्षांपूर्वी आम्ही गोमाई नदीकाठच्या एका गावात, नदीच्या पात्रातच विहीर बांधली. तेव्हा रेवजीने मला वेगळेच काम दिले. जे खडे माझ्यावर अडकत, त्यांतले मोठे फुलीबाई हाताने वेचून टाकी. उरत ते चण्याहून मोठे आणि बोराहून लहान, सारे एका मापाचे. ते खडे विहिरीभोवती दाट भरले आणि त्यांच्याभोवती वाळू. नदीचे पाणी आधी वाळूतून, मग खड्यांतून गाळून विहिरीत येई. ते इतके नितळ असे की तळ दिसे. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले काम.

यंदा त्याच गावात शाळेसाठी पाण्याची टाकी बांधायचे ठरले. विहिरीवर मोटर बसणार आणि पाणी आपोआप वर चढणार होते. सर्वांत जास्त आनंद झाला तो धनुबाईला. ती शाळेत खिचडी शिजवते. नव्वद मुलांचे पाणी ती हंड्यांनी नदीची चढण चढून आणी. तिचे गुडघे पार गेले होते. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत टाकी व्हावी, एवढाच तिने ध्यास घेतला होता.

वाळू आणायची होती ती तापीकाठच्या ठेक्यावरून. तसा वाळू वाहण्याचा सरकारी पासही ट्रॅक्टरवाल्या कुंदनच्या खिशात होता. पण तिथे रांग मोठी होती. एक दिवस काम खोळंबले. मी भिंतीला टेकून होते. धनुबाई चहा घेऊन आली आणि कुंदनला म्हणाली, "इतला लांब कसाले जास रे भाऊ? आठे विहीरपाशी वाळू शे. शाळानं काम शे, कोन काय म्हनी?"

कुंदनला तेवढेच हवे होते. दुपारीच पहिली ट्रॉली आली, मग दुसरी. कागदावर तापी आणि ट्रॉलीत गोमाई. रेवजीला वाळू ओळखीची वाटली, पण पास बघून तो गप्प राहिला. मीही मुकाट्याने चाळत राहिले. दोन्ही ट्रॉल्या टाकीच्या तळात आणि भिंतीत गेल्या.

तिसरी ट्रॉली आली. फुलीबाईने पहिले फावडे मारले आणि मी हादरले. माझ्यावर अडकलेले खडे सगळे एका मापाचे होते. चण्याहून मोठे, बोराहून लहान. नदी कधी असे खडे निवडून ठेवते का? ते माझ्यावरच निवडलेले होते, आमच्या विहिरीचे! मला ओरडावेसे वाटले, पण मला तोंड कुठे आहे?

फुलीबाईचे फावडे थांबले. ती त्यांच्या बोलीत नवऱ्याला काहीतरी म्हणाली. रेवजीने ओंजळभर खडे उचलले आणि त्याचा चेहरा उतरला. "बाई, या खडा मन्हाच हातना शेतस," तो धनुबाईला म्हणाला. "विहीर उघडी पडनी. पूर ऊना तं ती कलंडी जाई."

"मीच सांगं त्याले," धनुबाई म्हणाली, "पोरेसले पानी भेटावं म्हनीसन करं मी." आणि ती रडू लागली.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा तेच जुने काम केले. तिसरी ट्रॉली चाळून खडे वेगळे, वाळू वेगळी. धनुबाई मोडक्या गुडघ्यांनी घमेली वाहत होती. कुंदननेही मान खाली घालून माल परत नेऊन विहिरीभोवती ओतला. टाकीचा ठेकेदार उशीर होतो म्हणून आरडाओरडा करीत होता. मी आकाशाकडे बघत होते. ढग आला की मला धडकी भरे. पण पहिल्या दोन ट्रॉल्या कशा परत जाणार? त्या सिमेंटमध्ये घट्ट बसल्या होत्या.

टाकी पुरी झाली ती दगड भरडून केलेल्या वाळूने. ती कारखान्यातून चाळूनच येते. तिला माझी गरज नाही. रेवजीने मला धनुबाईकडे ठेवले आणि ती दोघे डोंगरात परतली. मी शाळेच्या स्वयंपाकखोलीत खिळ्यावर लटकले. खरे सांगू, फार वाईट वाटले.

शाळा उघडली. मोटर सुरू झाली. टाकी निम्मी भरली आणि मोटर नुसती हवा ओढू लागली. वाळू गेल्याने विहिरीत पाणी पूर्वीसारखे झिरपत नाही. गाव म्हणाले, यंदा पाऊसच कमी! मला ती म्हण आठवली.

परवा एक रिकामा ट्रॅक्टर नदीकडे निघाला. धनुबाई मला खिळ्यावरून काढून, काखेत धरून आडवी गेली. ट्रॅक्टरवाला हसला. "मावशी, शाळाकरता तुम्हीच वाळू काढी ना? मंग मन्हा घरकरता काब्र नही?"

माझ्या तारा ताठ झाल्या. आता ही काय बोलणार? धनुबाई म्हणाली, "मी काढी, म्हनीसनच सांगस. वर चढ आनि टाकीमा वाकीसन दख."

तो चढला. वाकून बघितले. टाकी निम्मी रिकामी होती. खाली उतरून त्याने ट्रॅक्टर घराकडे वळवला.

तो एक वळला. बाकीच्यांचे काय, या काळजीने माझा जीव टांगणीला लागतो. विहिरीभोवती पडलेला खड्डा गोमाई हळूहळू भरेल, पण पुन्हा कुणी वाळू नेली नाही तरच. मित्रांनो, तुमच्या घराचे किंवा शाळेचे काम निघेल, तेव्हा दारात आलेल्या वाळूला तिचे गाव विचारा. नुसता कागद बघू नका, मूठभर हातात घेऊन बघा. त्यात एका मापाचे खडे दिसले, तर समजा की कुणाची तरी विहीर तुमच्या दारात आली आहे.

धनुबाई आजही हंडा घेऊन नदीवर जाते. उरलेली निम्मी टाकी तीच भरते.