अळी-अळी

"थुंक! आधी थुंक!"

मी टिकलीच्या तोंडात बोट घातलं, चघळलेलं पान बाहेर ओढलं आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग नळाखाली धरून चुळांवर चुळा भरायला लावल्या. पोरीनं भोकाड पसरलं.

बाकीची पोरं अजून गवतात पालथी पडलेली. सुट्टीभर त्यांचा हाच खेळ, अळी-अळी. कोपरांवर सरपटायचं, खोटं खोटं पानं कुरतडायची, आणि पंपवाली आली की उताणं होऊन पाय वर. मेली अळी! पंपवाली म्हणजे मी, या सोसायटीची माळीण. माझं लंगडणंसुद्धा हुबेहूब करतात मेले. एरवी मलाच हसू येतं. पण टिकली पाच वर्षांची, तिला खोटं खोटं जमत नाही.

आणि त्या झुडपांवर मी सकाळीच अळीचं औषध मारलं होतं. मारलं की मी फांद्यांना लाल चिंध्या बांधते. तीन दिवस तिकडे फिरकायचं नाही, हे अकरा वर्षं इथली पोरं पाळतात. आज एकही चिंधी जागेवर नव्हती.

रडणं ऐकून टिकलीचे आजोबा धावत आले. तेच सोसायटीचे सेक्रेटरी.

"हात कसा लावलास माझ्या नातीला?"

"औषधाचं पान होतं तिच्या तोंडात! ही बाटली घ्या, डॉक्टरांना दाखवा. पळा आधी! आणि माझ्या चिंध्या कुणी काढल्या?"

त्यांचा चेहरा उतरला. "मीच काढायला लावल्या. पाहुणे यायचे होते. गलिच्छ दिसत होत्या."

गलिच्छ! तोंडावर आलेली शिवी मी पोरीकडे बघून गिळली.

संध्याकाळी टिकली उड्या मारत परत आली. पान वेळेवर काढलं म्हणून वाचली, असं डॉक्टर म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, आता साहेब दोन शब्द बरे बोलतील. कसलं काय! ऑफिसात बोलावून त्यांनी कागदच पुढे सरकवला. 'मी मुलीवर हात उगारला. पुन्हा असं करणार नाही.'

"सही कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"आणि चिंध्यांचं?"

"तो विषय संपला. चारचौघांत कशाला वाढवायचा?"

संतापानं माझं डोकं भणभणलं. घरात मिळवणारी मी एकटी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"धपाटा घातला हे खरं. पण का घातला, ते मी लिहिते."

मी चौथी शिकलेली. अक्षरं वाकडी आली, ओळी खाली घसरल्या. साहेब दोनदा "पुरे, पुरे" म्हणाले. मी औषधाचं लिहिलं, चिंध्यांचं लिहिलं, कुणी काढायला लावल्या तेही लिहिलं. खाली पूर्ण नाव घातलं. मग बाहेर जाऊन तो कागद नोटीस बोर्डावर टाचला आणि मागे आलेल्या साहेबांच्या हातात पेन दिलं.

"उद्या येऊ की नको, ते त्याखाली तुम्ही लिहा."