डॉक्टरीणबाईंची विचारपूस

येसूबाईने पाटीवरचं ओलं गोणपाट मागे सारलं आणि एका पापलेटाचा कल्ला उघडून दाखवला.

"बगा, कसा लाल हाय. घ्या लवकर. ऊन चढलाय."

एर्मेलिंदाबाईंनी माशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोमु श्ता आ फामीलिया?" त्यांनी शांतपणे विचारलं. घरचे कसे आहेत?

हे रोजचंच होतं. डॉक्टरीणबाई मूळच्या गोव्याच्या; तिथे अजून पोर्तुगीजांचं राज्य होतं. डॉक्टर नवरा गेल्यावर उरणातल्या या घरात एकट्याच राहत होत्या. मराठी त्यांना चांगलं यायचं. पण दारात आलेल्याच्या घरच्यांची विचारपूस पोर्तुगीजमधूनच करायची आणि ती पुरी झाल्याशिवाय मासळीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. उत्तरंही त्यांनीच येसूबाईला शिकवून ठेवली होती. अजून पाच घरं व्हायची होती, बर्फाचं कधीच पाणी झालं होतं, आणि या बयेचं आपलं एकेकाचं नाव घेणं चाललेलं.

"बें," येसूबाई म्हणाली. बरे आहेत.

"ई उ मारीदु?"

"नवरा पन बें. म्हावरा घेताव ना?"

"ई आ फील्या?"

मुलगी. जमुना दीड महिन्यापूर्वी सासरहून, दिघ्याहून, कपड्यांचं गाठोडं घेऊन परत आली होती. कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी विचारत नव्हतं. इथे मात्र येसूबाई रोज 'बें' म्हणत आली होती. आज ते तोंडातून निघेना.

"नाय बें!" ती एकदम ओरडली. "नवऱ्यान टाकलीय तिला. घरान बसलीय. झाला समाधान?"

"ग्रासाश आ देउश," बाई म्हणाल्या. देवाची कृपा. सवयीने जीभ बोलून गेली, आणि मग त्यांचा हात तोंडाशी गेला.

येसूबाईने पापलेट पाटीत आपटलं. चुंबळ गुंडाळता गुंडाळता ती फणकारली, "रोज माजे घरचा उकरून काडताव. तुमची कशी हाय फामीलिया? ती सांगा ना!"

चार वर्षांत तिने हे एकदाही विचारलं नव्हतं. बाईंनी ओटीचा खांब धरला.

"मुलगा बें," त्या मराठीत म्हणाल्या. "सून बें. नातू... नातवाला दात आले असतील आता."

"असतील म्हंजे?"

"गोव्याची सरहद्द बंद झाली ना गेल्या वर्षी, त्याच्या आदल्याच आठवड्यात झाला तो. मुलगा झाला, एवढीच तार आली. मग पत्रंच येईनात."

येसूबाईच्या हातातली चुंबळ हातातच राहिली. पाटीवर माश्या घोंघावू लागल्या होत्या.

"नाव काय ठेवलाय त्याचा?" तिने विचारलं.

"ते पत्रात कळवणार होते," बाई म्हणाल्या.