उजव्या हाताची रेघ

प्यो दल्सूंना पक्षाघात होऊन सहा दिवस झाले होते, तेव्हा डॉ. बाननी त्यांना मेंदू ते हात ही वाट तपासायला माझ्याकडे पाठवलं. कोरियातल्या गुनसान बंदराजवळ त्यांचं केस कापायचं दुकान होतं. छत्तीस वर्षं त्यांनी ते एकट्याने चालवलं होतं. आता उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. सोबत बायको मालसुन.

मी त्यांच्या दोन्ही हातांवर, अंगठ्याजवळ चिकटपट्ट्या लावल्या. चष्म्याच्या दोन काचांसारखी दिसणारी, चुंबकाचा झटका देणारी कॉइल आधी डोक्याच्या उजव्या बाजूला धरली. टक्! डावा हात टुणकन उडाला, पडद्यावरची रेघ उसळली.

"अगं बाई!" मालसुनकाकू हसल्या. "लग्नात माझा हात धरतानासुद्धा एवढे दचकला नव्हतात हो!"

"तेव्हा... तूच धरला होतास," दल्सूकाका जड जिभेने म्हणाले.

मग कॉइल डावीकडे नेली. उजव्या हाताला हुकूम तिथून सुटतो. टक्! रेघ सपाट. मी जोर वाढवला. साठ, ऐंशी, शंभर.

"काका, मूठ वळायचा प्रयत्न करा."

त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. टक्! सपाट.

"हलली! करंगळी हलली, मी पाहिली," काकू म्हणाल्या.

करंगळी हलली नव्हती. मेंदूपासून हातापर्यंतची वाटच तुटली होती. मी यंत्र चालवणारी, निकाल सांगणं माझं काम नव्हतं. 'डॉक्टर सांगतील' एवढंच म्हणायचं होतं. पण काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणाले, "इतक्या लवकर कधीकधी काही दिसत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा बघू."

दुसऱ्या दिवशी डॉ. बाननी स्पष्ट सांगितलं, की हात परत येणं कठीण आहे, डाव्या हाताची सवय आत्तापासूनच लावा. काकूंनी मान डोलावली, पण काही ऐकलं नाही. व्यायाम शिकवणारी जोंगआ डाव्या हातात चमचा द्यायला गेली, तर काकूंनी तो काढून घेतला.

"डाव्याचे लाड नकोत. मग उजवा आळशी होतो. येईल तो. यंत्रवाल्या बाई म्हणाल्यात, पुन्हा बघू."

जोंगआने खाली येऊन मला हे सांगितलं. मी वर वॉर्डात गेले. काकू नवऱ्याचा उजवा हात चोळत त्या हाताशीच बोलत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी नासपतीची फोड पुढे केली. "या बाई! तुमच्या तोंडात साखर पडो."

मी ती फोड खाल्ली आणि खाली निघून आले.

तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. शंभरावरही रेघ सपाटच राहिली. या वेळी काकू नवऱ्याच्या हाताकडे नाही, पडद्याकडे बघत होत्या.

"ही मागच्यासारखीच आहे."

"हो."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"हो काकू. सांगायचा धीर झाला नाही."

त्यांनी आवाज चढवला नाही. "एकवीस दिवस मी त्यांना चमचा धरू दिला नाही," एवढंच म्हणाल्या.

"मलाही... कळलं होतं," काका म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू रोज त्या हाताशी बोलत होतीस. इतकी... माझ्याशी कधी बोलली नव्हतीस."

काकू खाली बसल्या आणि तोंडावर हात दाबून रडू लागल्या. मी एक एक चिकटपट्टी सोडवत राहिले.

शरद ऋतूत दोघांनी दुकान रिकामं केलं. काका डाव्या हाताने जेवायला शिकले, शर्टाची बटणं लावायला शिकले. उशिराने, पण शिकले. कात्री मात्र त्यांनी पुन्हा मागितली नाही. दर महिन्याला दोघं डॉक्टरांना दाखवायला येत. काका मला पाहून मान हलवत. काकू भिंतीकडे बघत पुढे जात.

एकदा मी व्हरांड्यात त्यांना गाठलं आणि माफी मागितली.

"मलाच ते ऐकायचं होतं," काकू म्हणाल्या. "मी अडाणी, मी ऐकलं. पण तुम्ही तर जाणत्या होतात ना?"

त्यांनी वाकून चाकाच्या खुर्चीचा ब्रेक सोडला, काकांचा कोट नीट केला आणि त्या निघाल्या.